कपाटामागची काळी भिंत : ओल आणि बुरशीबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाने जोर धरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांना एकच वास असतो, कुबट. यंदाची निवडक पत्रं खाली थोडक्यात दिली आहेत. उत्तरं वाचताना क्रम लक्षात असू द्या: आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं, मग भिंत वाळवायची, मग घासायची आणि रंग सर्वांत शेवटी. बहुतेक घरांत सुरुवातच रंगाच्या डब्यापासून होते.

प्रश्न (ठाणे) : तिसऱ्या मजल्यावर राहतो. बेडरूममधलं लाकडी कपाट सरकवलं तर मागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली, काही ठिकाणी रंगाचे पोपडे सुटलेले. गेल्या दिवाळीत बुरशीरोधक रंग म्हणून जादा पैसे मोजले होते. पेंटरने फसवलं का?

उत्तर : रंग कदाचित डब्यावर लिहिल्याप्रमाणेच असेल. त्यातलं बुरशीनाशक रंगाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या बीजाणूंना काही काळ रोखतं. पाणी भिंतीच्या आतून येत असेल तर ते रंगाचा थरच उचलतं, आणि थर सुटला की त्यातलं औषधही गेलं.

भिंतीत ओल तीन वाटांनी येते: बाहेरच्या भेगांतून पावसाचं पाणी, आतल्या पाइपातून किंवा न्हाणीघरातून गळती, आणि खोलीतल्या हवेची वाफ गार भिंतीवर बसणं. डाग बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू होत असेल आणि मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसांनी गडद होत असेल तर दोष बाहेर आहे. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर बारा महिने, एप्रिलमध्येही ओल असेल तर पाइप. पोपडे नाहीत, रंग शाबूत, पण कोपऱ्यांत आणि कपाटामागे बारीक ठिपके विखुरलेले, तर हवेतली वाफ. तुमच्याकडे पोपडे आणि ठिपके दोन्ही आहेत, म्हणजे दोन कारणं एकत्र असण्याची शक्यता जास्त.

खात्री करायला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या. डागाच्या कडेला, जिथे रंग अजून घट्ट आहे तिथे, साधारण ३० सेंटिमीटरचा चौकोन चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा. ४८ तास ठेवा; रात्री पंखा बंद ठेवून सकाळी बघा, नाहीतर वरचं पाणी पंख्याने उडून जातं आणि चाचणी फसते. थेंब फॉइलच्या आत, भिंतीकडे असतील तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेत.

एक शंका पुष्कळांना येते: पांढरं दिसतं ती बुरशी की लोणा? बोटाने थोडं खरवडून पाण्याच्या थेंबात टाका. विरघळलं तर भिंतीतले क्षार पाण्याबरोबर वर आलेत, म्हणजे लोणा. बुरशी विरघळत नाही. तळमजल्याच्या घरात जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत असा लोणा दिसला तर जोत्यातला ओल अडवणारा थर, गवंड्यांच्या भाषेत डीपीसी, निकामी झालेला असतो किंवा मुळात घातलेलाच नसतो.

बाहेरची भेग शोधण्याआधी सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक बघा. त्याला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. धूळ आणि कबुतरांच्या पिसांनी ती बुजली की ट्रॅकमध्ये पाणी साचतं आणि चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीत उतरतं. ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता. ते मिनिटभरात बाहेर गेलं नाही तर तार घालून भोकं मोकळी करा. हजारो रुपयांच्या वॉटरप्रूफिंगआधी हे एवढं करून बघायला काही लागत नाही. दुसरी जागा म्हणजे एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक. त्याचा उतार आत असेल तर पाऊस पाइपाला धरून सरळ घरात येतो.

भेगा भरण्याचं काम फेब्रुवारी ते मे या काळातलं. भेग नुसती वरून लिंपायची नाही. ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोदून, झाडून, मग पॉलिमरयुक्त भरण घालायचं. खिडकीच्या खालच्या पट्टीला उतार बाहेर हवा आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच हवी. आतल्या बाजूने डागाच्या पुढे एक फुटापर्यंत रंग आणि पुट्टी खरवडून प्लास्टर उघडं करा आणि तसंच राहू द्या. दसरा-दिवाळीची रंगाची घाई इथे नडते. चार महिने पाणी प्यायलेली भिंत हाताला कोरडी लागते, आत ओली असते. फॉइलची चाचणी पुन्हा करा. आतून कोरडी निघाली तरच रंग, मग जानेवारी उजाडला तरी चालेल. ऑइल पेंट टाळा, तो ओल आत कोंडतो. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. मागे हवाच खेळत नसेल तर उत्तम भिंतही तिथे गार आणि दमट राहते.

प्रश्न (पुणे) : चार वर्षांच्या मुलाला पावसाळाभर रात्री खोकला असतो. त्याच्या पलंगालगतची भिंत काळी पडली आहे. कोविडच्या वेळची 'ब्लॅक फंगस' ती हीच, असं सोसायटीच्या ग्रुपवर आलं. खरं आहे का? भिंतीची तपासणी कुठे करून घ्यावी?

उत्तर : नाही, ती ही नव्हे. २०२१मध्ये ज्याची धास्ती होती तो म्युकरमायकोसिस. म्युकर गटातल्या बुरशीने होणारा हा आजार प्रामुख्याने साखर आटोक्याबाहेर गेलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांमध्ये पसरला. ती बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते आणि मेलेला भाग काळा पडतो, त्यावरून ते नाव. भिंतीवरची काळी बुरशी बहुधा क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया किंवा ॲस्परजिलस नायजर या जातींची असते. रंगावरून ती किती घातक हे ठरत नाही. जात कुठलीही निघाली तरी उपाय तोच, ओल थांबवून ती काढणं. हवेत किती बीजाणू चालतील याची सर्वमान्य मर्यादाच नाही, त्यामुळे भिंतीच्या तपासणीवरचा पैसा दुरुस्तीवर घाला.

पण म्हणून दुर्लक्ष करण्याजोगी ही गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा त्रास जास्त होतो, हा त्यांचा निष्कर्ष. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या जातीचे बीजाणू २-३ मायक्रॉनचे असतात, म्हणजे नाकात न अडकता फुप्फुसात खोलवर जाऊ शकणारे. शिवाय त्याच दमटपणात गादीतले धुळीचे किडे वाढतात, तेव्हा खोकल्याचं खापर एकट्या भिंतीवर फोडता येत नाही.

डॉक्टरांकडे जाताना पंधरा दिवसांची नोंद न्या: खोकला किती वाजता येतो, झोपमोड किती वेळा होते, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो का, चार दिवस आजोळी गेल्यावर कमी होतो का, घरात कुणाला दमा किंवा सर्दीची ॲलर्जी आहे का. 'घरात बुरशी आहे' हे स्वतःहून सांगा, सगळेच डॉक्टर ते विचारत नाहीत. फुंकून करायची स्पायरोमेट्री एवढ्या लहान मुलांना नीट जमत नाही, त्यामुळे तुमची नोंदच जास्त कामाची. पंप दिला तर घ्या. पंपाची सवय लागते हा समज चुकीचा आहे. त्यातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं म्हणून गोळी-सिरपपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते. श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, बोलता किंवा पाणी पिता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आजच करायचं ते म्हणजे भिंत साफ होऊन वाळेपर्यंत मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवा. घरात केमोथेरपी चालू असलेलं, अवयव प्रत्यारोपण झालेलं किंवा जास्त मात्रेत स्टेरॉइड घेणारं कुणी असेल तर साफसफाईच्या दिवशी त्यांना घराबाहेरच ठेवा. दम्याच्या प्रौढ रुग्णाला औषधं घेऊनही आराम पडत नसेल आणि खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडत असतील तर छातीरोगतज्ज्ञांना दाखवा. ॲस्परजिलसची ॲलर्जी फुप्फुसात बसल्याची ती खूण असू शकते, आणि तिचे उपचार वेगळे आहेत.

प्रश्न (कल्याण) : बुरशी घालवायला कुणी ब्लीच सांगतं, कुणी व्हिनेगर, कुणी दोन्ही मिसळून. प्रमाण काय घ्यावं?

उत्तर : दोन्ही मिसळून कधीही नाही. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. आपल्याकडे खरा धोका व्हिनेगरपेक्षा संडास धुण्याच्या ॲसिडवाल्या द्रावणाचा. सकाळी त्याने फरशी धुतली, नीट पाणी मारलं नाही, आणि दुपारी त्याच बंद न्हाणीघरात ब्लीच ओतलं, की डोळे चुरचुरून श्वास कोंडतो. तसं झालं तर काही पुसत बसू नका, दार उघडं टाकून बाहेर पडा. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रावणाबरोबरही ब्लीच नको.

भिंतीसाठी दोहोंचीही फारशी गरज नाही. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड, एवढं पुरतं. डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल, किंवा प्लास्टर भुसभुशीत झालं असेल, तर अनुभवी माणूस बोलवा. त्यापेक्षा लहान असेल तर असं करा: एन-९५ मास्क (ओढणी किंवा रुमाल चालत नाही, बीजाणू आरपार जातात), रबरी हातमोजे, बाजूने बंद चष्मा. पंखा आणि एसी बंद, दार बंद करून फटीला ओला टॉवेल, खिडकी उघडी. कोरडा ब्रश, झाडू किंवा साधा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. एका फटक्यात बीजाणू घरभर होतात. आधी साबणाचं पाणी फवारून डाग भिजवा, पाच मिनिटं थांबा, कडेकडून मध्याकडे घासा आणि फडक्याने टिपून घ्या. फडकं बादलीत पिळून पुन्हा वापरण्यापेक्षा जुने फडके एकामागून एक वापरून पिशवीत बांधून टाका. शेवटी स्वच्छ पाण्याचा एक हात, आणि मग पंखा खिडकीकडे तोंड करून दिवसभर.

टाइल, काच, प्लास्टिक यांवर ब्लीच चालतं. लिटरभर पाण्यात ६० मिलिलिटरपेक्षा जास्त नाही, दहा मिनिटं ठेवून धुवायचं, द्रावण रोज ताजं. सच्छिद्र प्लास्टरवर मात्र ते फसवं आहे. वरचा डाग पांढरा होतो म्हणून माणूस खूश. पण क्लोरीन पृष्ठभागावरच खर्ची पडतो आणि द्रावणातलं पाणी आत मुरतं. आठवड्याने डाग परत.

व्हिनेगर शहाबादी फरशी, कडाप्पा आणि संगमरवर यांना लावू नका. तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड, आम्लाने त्यांची झिलई जाते. चुन्याच्या भिंतीलाही तेच. बेसिनच्या कडेची काळी पडलेली सिलिकॉनची रेघ कितीही घासली तरी निघत नाही, कारण बुरशी तिच्या आत असते. ब्लेडने कापून काढा, जागा दोन दिवस कोरडी होऊ द्या, नवीन भरा. फुगलेलं प्लायवुड आणि भिजलेला जिप्सम बोर्ड टाकूनच द्यावा लागतो. बोर्डवरचा कागद म्हणजे बुरशीला वाढून ठेवलेलं ताट.

प्रश्न (डोंबिवली) : छताला ओल आहे. वरचे म्हणतात पाणी गच्चीवरून येतं, सोसायटी म्हणते वरच्यांच्या न्हाणीघरातून. आम्ही वरून दुसऱ्या मजल्यावर राहतो.

उत्तर : भांडण मिटवायला पाणीच साक्षीदार ठेवा. पाऊस नसलेल्या दिवसांत, वरच्यांच्या संमतीने, त्यांच्या न्हाणीघराचा नहाणी ट्रॅप बुजवून दोन इंच रंगीत पाणी ४८ तास साठवा. खाली रंग उतरला तर गळती लादीतून किंवा ट्रॅपच्या जोडातून आहे; ट्रॅपभोवतीचा सांधा हीच नेहमीची दुखरी जागा. उतरला नाही तर भिंतीत दडलेल्या पाइपांची दाबचाचणी प्लंबरकडून करून घ्या. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइपांची गळती यांचा खर्च संस्थेचा, घराच्या आतल्या न्हाणीघर-संडासाच्या गळतीचा त्या सभासदाचा. पत्र लिहिताना चाचणीचे तारीखवार फोटो जोडा. छतावर तपकिरी, गंजासारखे ओघळ किंवा तुळईच्या लांबीने भेग असेल तर तो प्रश्न बुरशीचा राहिलेला नाही, आतली सळई गंजते आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

प्रश्न (नागपूर) : मृग लागल्यावरही उकाडा जात नाही म्हणून कूलर चालूच असतो. हल्ली त्याला मातकट वास येतो.

उत्तर : कूलर कोरड्या हवेचं यंत्र आहे. हवेत आधीच ओल असेल तर पाणी उडत नाही, गारवा येत नाही, फक्त खोली दमट होते. पहिल्या दोन-तीन पावसानंतर पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या दर हंगामाला नव्या घ्या, धुऊन पुन्हा वापरू नका. त्यांच्या आत बुरशी बसते आणि पंखा ती थेट तोंडावर फेकतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, घासून, उन्हात वाळवून मगच झाका.

प्रश्न (मुंबई, परळ) : वन रूम किचन. कपडे घरातच वाळतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद? ओल शोषणारं मशीन घ्यावं का?

उत्तर : आधी पाण्याचा हिशेब मांडू. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली. ३० अंश तापमान, ८० टक्के आर्द्रता. तिच्या हवेत सुमारे ८०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. तीच खोली २५ अंश आणि ५० टक्क्यांवर आणली तर उरतं सुमारे ४०० ग्रॅम. आता कपडे: पाच किलो कोरडे कपडे मशीनमधून पिळून निघाले तरी दोन-अडीच लिटर पाणी घेऊन निघतात. विश्वास बसत नसेल तर आधी आणि नंतर वजन करा. हे सगळं पाणी तुमच्याच हवेत जाणार. म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जास्तीचा एक स्पिन, दोरी एकाच जागी, आणि शक्य असेल तर एग्झॉस्ट चालू असलेल्या न्हाणीघरात दार लावून.

खिडक्यांचं उत्तर वेळेप्रमाणे बदलतं. मुंबईत जुलैत झड चालू असताना बाहेरची हवाच ८५-९० टक्के दमट असते, ती आत घेऊन घर वाळत नाही. पण कुकरची शिट्टी, गरम पाण्याची आंघोळ यांनी घरातली वाफ बाहेरच्यापेक्षाही वाढते, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं उघडा. पावसाने उघडीप दिली, ऊन पडलं, की सगळी दारं-खिडक्या सताड.

अंदाजावर राहू नका, डिजिटल आर्द्रतामापक घ्या, पाचशे रुपयांच्या आत मिळतो. त्याची परीक्षा घरीच होते: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थेंब-दोन थेंब पाणी, चिखलाइतकं ओलं, पातळ नाही. झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. आकडा ७५ दाखवायला हवा. ८० दाखवत असेल तर तुमचं मापक पाच जास्त सांगतं, तेवढे वजा करत चला. घरात ६०च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. आकडा दिवसेंदिवस ७०च्या वर राहिला की भिंत भिजलेली नसतानाही चामडं, लाकूड, पुस्तकं यांवर बुरशी धरते.

ओल शोषणारं मशीन म्हणजे डीह्युमिडिफायर. दुकानात २० लिटर सांगतात तो आकडा ३० अंश आणि ८० टक्क्यांवरचा असतो. हवा कोरडी होत जाईल तसं ते बरंच कमी पाणी काढतं. चालू असताना खिडक्या बंद, नाहीतर अख्ख्या परळची हवा वाळवत बसाल. ते उष्णता सोडतं, तेव्हा माणसं असलेल्या खोलीत दुपारी नकोसं होतं. एसी असेल तर त्याचा ड्राय मोड आधी वापरून बघा. मात्र तापमान १८-२०वर नेऊ नका. ३० अंश आणि ८० टक्क्यांच्या हवेत २६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागाला घाम फुटतो. तुमच्या एसीने गार केलेल्या भिंतीची पलीकडची बाजू ओली होते आणि शेजाऱ्यांकडे बुरशी येते. कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटापुरतेच. तीन-चार आठवड्यांत जेमतेम अर्धा लिटर पाणी धरणारा डबा खोलीला पुरणार कसा?

प्रश्न (मुंबई, गाव रत्नागिरीजवळ) : गावचं जांभ्याचं कौलारू घर जूनपासून बंद असतं. गणपतीला उघडलं की खाटांपासून पंख्यापर्यंत सगळ्याला हिरवट-पांढरी लव आलेली असते. एका दिवसात काय काय करणार?

उत्तर : एका दिवसात होत नाही, निदान तीन दिवस आधी एक-दोन धडधाकट माणसं पुढे पाठवा. दमेकरी, लहान मुलं आणि आजी-आजोबा मागाहून. पुढे जाणाऱ्याने मास्क लावूनच दार उघडायचं, सगळी दारं-खिडक्या मोकळी करून तासभर अंगणात बसायचं. मेन स्विच लगेच वर करू नका. स्विचबोर्ड ओले असतात. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर वायरमनला बोलवा. आणि पंखा लावण्याआधी त्याची पाती ओल्या फडक्याने पुसा. हे विसरलं जातंच, आणि बटण दाबल्यावर पावसाळाभराची बुरशी अख्ख्या माजघरावर शिंपडली जाते.

साफसफाई वरून खाली: वासे आणि रीपा, भिंती, फळ्या, खाटा, शेवटी जमीन. लाकूड साबणाच्या पाण्याने पुसून लगेच कोरड्या फडक्याने. तेल किंवा पॉलिश पूर्ण वाळल्यावरच. कापसाची गादी दोन कडक उन्हं देऊनही वास मारत असेल तर टाकून द्या. ती पिंजून घेणं म्हणजे पिंजाऱ्याच्या नाकात बुरशी भरणं. पोळपाट-लाटण्याच्या रेषांत काळं शिरलं असेल तर नवं घ्या. राहिलेले पोहे, मसाले, पीठ चाखून बघू नका. सुपारीच्या कोळेरोगावर फवारायचं बोर्डो मिश्रण घरात उरलेलं असतं म्हणून भिंतींवर मारण्याची कल्पना काहींना सुचते. ते बागेतच राहू द्या.

पुढल्या वर्षीसाठी मात्र खरं काम मेमध्ये आहे. शाकारणी करताना फुटकी कौलं बदला, पन्हळ साफ करा, पश्चिमेच्या भिंतीला झडीपासून झाप किंवा पत्रा बांधा. जांभा पाणी पितो आणि ते सोडतोही. आतून ऑइल पेंट मारून त्याचं तोंड बंद केलं की तो घरात घाम गाळतो. आतून चुना बरा. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशी त्यावर बसू शकत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा तो गुण वर्षभरात उतरतो, म्हणूनच दरवर्षी नवा हात द्यायची पद्धत होती.

घर कडेकोट बंद करणं हीच मोठी चूक. वरचे झरोके जाळी लावून उघडे ठेवा, कपाटांची दारं किलकिली ठेवा, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे. गाद्या कडक उन्हात वाळवून, खाटेवर उभ्या. अर्धवट वाळलेली गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर ती आतल्या आत नासते. पूर्वी चुलीचा धूर आणि ऊब रोज वासे कोरडे ठेवत होती. चूल नाही, तर निदान शेजाऱ्यांना किल्ली देऊन पंधरा दिवसांतून एकदा, ऊन असताना, घर उघडायला सांगा.

प्रश्न (कोल्हापूर) : पैठणी आणि शालूंवर पांढरे ठिपके आले. डांबरगोळ्या भरपूर ठेवल्या होत्या.

उत्तर : डांबरगोळ्या कसरीसाठी, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. कडुलिंबाचा पाला आणि लवंगा यांचंही तेच. उलट घरात तान्हं बाळ असेल तर डांबरगोळ्या ठेवलेले कपडे, दुपटी त्याच्या अंगाला लावू नका. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी नॅफ्थॅलिनने फुटतात आणि कावीळ होते.

साडी गॅलरीत सावलीत उलगडून टाका, मास्क लावून मऊ ब्रशने ठिपके बाहेरच्या दिशेला झटका, दोन-तीन तास वारा द्या. कडक उन्हात रेशमाचा रंग उतरतो. ओल्या फडक्याने पुसू नका, जरीचे धागे काळे पडतात. डाग उरला तर ड्रायक्लीनिंग. मग न रंगवलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या कव्हरात नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे पाडा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर रंगीत मण्यांच्या घ्या, त्या भरल्यावर रंग बदलतात. आतले मणी ताटलीत पसरून १२० अंशांवर तास-दोन तास ओव्हनमध्ये तापवले की पुन्हा कामाला येतात. कॅल्शियम क्लोराइडचा डबा साड्यांच्या वरच्या फळीवर कधीच ठेवू नका. सांडला तर ते खारट पाणी रेशीम आणि जर दोन्ही खातं.

प्रश्न (बार्शी) : शेंगदाण्यांना पिवळट-हिरवी बुरशी आली. वाईट तेवढे निवडून बाकीचे भाजून कूट केलं तर चालेल?

उत्तर : नाही. शेंगदाण्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेव्हसमुळे अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृताला घातक आहे आणि भाजण्या-तळण्याने पूर्ण जात नाही. चांगल्या दिसणाऱ्या दाण्यांतही ते असू शकतं. खवट किंवा कडू लागलेला दाणा थुंकून टाका. त्या डब्यातले सगळे फेका, जनावरांनाही घालू नका. दुधाळ गायीने ते खाल्लं तर त्याचा अंश दुधात उतरतो. डबा साबणाने धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच पुढचे दाणे भरा.